भट्टीवरचा फेटा

इंदूताई, भांडण अर्धं टाकून निघून जायची ही कुठली पद्धत? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एसटीडी बूथवरून तुला फोन केला तेव्हा आपलं ठरलं होतं. भट्ट्या सुरू झाल्या की मी साताऱ्याला येणार, तुझ्या हातचं पिठलं खाणार आणि मग त्या विषयाचा एकदाचा निकाल लावायचा. ‘या खेपेला तू हरणार बघ रझे,’ म्हणून तू हसलीस. माझ्यामागं उभा असलेला माणूस घसा खाकरायला लागला म्हणून मी घाईनं फोन ठेवला. त्यानंतर साताऱ्याहून आलेला फोन तुझ्या भावाचा होता. झोपेतच गेली म्हणाले. जन्मभर कुणाला धड गप्प बसू दिलं नाहीस आणि स्वतः मात्र हूं नाही की चूं नाही. मला तुझा राग आलाय ताई. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

तुझ्या घरी भेटायला आले तेव्हा बाहेरच्या खोलीत बायका बसल्या होत्या आणि तुझ्याबद्दल बोलत होत्या. किती शांत होत्या इंदूबाई, किती सोशिक, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी दारातच थबकले. चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आले की काय असं वाटलं. तुझ्या वहिनींनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या की बोलू दे त्यांना, आपल्याला माहिती आहे ना. मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. बायकांना वाटलं आम्ही रडतोय. रडतही होतोच.

तर सोशिक बाईची गोष्ट त्यांना सांगू दे. मी माझ्या भांडकुदळ ताईशी बोलते. तुला हे सगळं पाठ आहे, पण तुझ्या भाचीनं वाचायला मागितलंय, म्हणून पहिल्यापासून सांगते. तेवढं सोस.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. मी सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते, मिरजेहून जाऊन-येऊन. पुण्याच्या एका सरांनी वीटभट्टीवरच्या मुलांच्या तब्येतीचा अभ्यास हाती घेतला होता आणि आकडेमोड सांभाळायला त्यांना जवळपासचं कुणीतरी हवं होतं. तू तेव्हा जिल्हा परिषदेतली नर्सची नोकरी ‘साहेबाच्या तोंडावर फेकून’ मोकळी झाली होतीस. कृष्णेच्या काठानं तेव्हा भट्ट्याच भट्ट्या. दिवाळी झाली की जतकडून, विजापूरकडून माणसं यायची, पाऊस पडेपर्यंत विटा पाडायची आणि परत जायची. त्यांची पोरं आपल्या गावच्या अंगणवाडीत गैरहजर आणि इथल्या अंगणवाडीत त्यांचं नावच नाही. आईबाप पहाटेपासून चिखलात, तान्हं बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण तरी केवढी, तर कडेवरच्या पोराचे पाय तिच्या गुडघ्याला लागतायत. केस तांबूस झालेली, पोट पुढं आलेली, भट्टीच्या धुरानं खोकणारी पोरं. पहिल्या दिवशी बघूनच मी सरांना म्हटलं, यात अभ्यास कसला करायचा, दिसतंय की सगळं. सर म्हणाले, आपल्याला दिसून उपयोग नाही, मालकांपुढं सिद्ध करावं लागतं. ते मला पटलं. अजूनही पटतं.

योजना साधी होती. सांगलीकडच्या, म्हणजे आपण ज्यांना खालच्या म्हणायचो त्या भट्ट्यांवर पाळणाघर काढायचं, पोरांना दिवसभर सांभाळायचं, शेंगदाण्याचा लाडू, अंडं, खिचडी खाऊ घालायची. साताऱ्याकडच्या वरच्या भट्ट्यांवर मात्र काही द्यायचं नाही, फक्त महिन्याच्या महिन्याला वजन घ्यायचं आणि दंडाचा घेर मोजायचा. फारच आजारी पोर दिसलं तर कुठल्याही भट्टीवरचं असो, दवाखान्यात न्यायचं. हंगाम संपला की दोन्हीकडच्या वजनांतला फरक मालकांपुढं मांडायचा आणि म्हणायचं, बघा, पाळणाघरानं एवढं होतं, आता पुढच्या हंगामापासून सगळ्या भट्ट्यांवर काढा. तेवढा फरक दिसला तर पाळणाघरं होणार होती. नाही दिसला तर मालक हात झटकून मोकळे होणार होते.

तू साताऱ्याची, म्हणून वरच्या भट्ट्या तुझ्याकडं आल्या. सगळं ऐकून घेऊन तू विचारलंस, म्हणजे वरच्या पोरांना आपण नुसतं तोलून यायचं? मी म्हटलं, एकच हंगाम. तू म्हणालीस, पोराच्या पोटाला हंगाम कुठं कळतोय. मी बजावलं, ताई, तिथं तू एक दाणा जरी दिलास तरी सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल. तू गळ्याला हात लावून शपथ घेतलीस की एक दाणा देणार नाही. आणि खरंच दिला नाहीस. माझी पंचाईत तिथंच झाली.

आधी तर वजन करून घ्यायलाच कुणी तयार होईना. लिंबाच्या फांदीला काटा टांगून खाली झोळी अडकवलेली बघितली की आया पोरांना उचलून झोपडीत पळायच्या. गूळ तोलतात, हळद तोलतात, पोर तोलायचं नसतं, नजर लागते, वाढ खुंटते. खालच्या भट्ट्यांवर मी एकेकीला समजावून घसा बसवून घेतला. तू समजावण्याच्या फंदातच पडली नाहीस. तुझ्याकडच्या सगळ्यात मोठ्या भट्टीचे मालक आबा म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, म्हातारपण आलं तरी मांडीवर थाप मारल्याशिवाय जागचे उठायचे नाहीत. तू त्यांना विचारलंस, आबा, तालमीत तुमचं वजन व्हायचं तेव्हा कधी नजर लागली काय? झालं. आबांनी स्वतःचा नातू आणून झोळीत बसवला आणि भट्टीवरच्या गड्यांना सांगितलं, पैलवानाचं वजन असंच होत असतंय, आणा आपापली पोरं. आयांच्या समाधानासाठी तू प्रत्येक पोराच्या कानामागं काजळाची तीट लावायचीस आणि मगच झोळीत घालायचीस. तू हे फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसून हसून बेजार झाले.

संक्रांतीनंतर माझं हसू पळालं. कॉलेजातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर मी दोन्हीकडची वजनं चढवत होते. खालची पोरं वाढत होती, ते बरोबर. पण वरचीही वाढत होती. थोडीथोडकी नाही, चांगली अंगाला लागल्यासारखी. मी फ्लॉपी बदलून बघितली, सगळं पुन्हा चढवून बघितलं. आकडे तेच. मग म्हटलं, ताईनं शपथ मोडली. हिच्या लुनाला टांगलेल्या पिशवीत लाडवांचे डबे असणार. तुला न कळवता सकाळची सातारा एसटी पकडली. वाटेत मनातल्या मनात तुला इतकी झाडली की शेजारची बाई विचारायला लागली, पोरी, बरं वाटतंय ना?

आबांच्या भट्टीवर पोचले तर हलगी वाजत होती. मला वाटलं कुणाचं लग्न आहे. गर्दीतून वाट काढत पुढं गेले तर मध्ये आबा उभे, त्यांच्या हातात एका पोराचा हात वर धरलेला, कुस्ती जिंकल्यावर धरतात तसा. पोर जेमतेम उभं राहणारं, आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा, नाकापर्यंत आलेला. शेजारी तू, तोंडात टाचण्या, फेट्याचा शेमला सारखा करत. आबा मोठ्यानं सांगत होते की या महिन्याचा मानकरी हा, आणि किती वजन चढलं ते. सगळी भट्टी टाळ्या वाजवत होती. मला बघून तू तोंडातल्या टाचण्या काढल्यास आणि म्हणालीस, आलीस का, बरं झालं, चहा टाकते.

मी तिथंच सुरू झाले. विटांच्या ढिगाशेजारी, सगळ्यांदेखत. ताई, ज्या पोरांना काही द्यायचं नाही असं ठरलं होतं त्यांना तू फेटे बांधतेस? तू शांतपणे म्हणालीस, फेटा काय खायची वस्तू आहे? मी एक दाणा दिलेला नाही, आबांना विचार. आबांनी मांडीवर थाप मारून साक्ष दिली. फेट्याची कल्पना त्यांचीच. वजन करायचं आणि जितल्याला फेटा नाही, हे त्यांच्या तालमीत बसत नव्हतं. फेटा बांधायला तू तुझ्या वडिलांकडून शिकली होतीस, मग काय, दोघांची जोडीच जमली. पहिल्या महिन्यात एका पोराला बांधला, दुसऱ्या महिन्यापासून गडी आपापल्या पोराकडं बघायला लागले. बापानं विडी कमी करून शेंगा आणल्या, कुणी कोंबडीची अंडी बाजारात न्यायची थांबवली. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं हे सांगताना. पोर वाढलं की कुणीतरी दखल घेतं, एवढं कळल्यावर माणसं अशी बदलतात रझे, हे लिही तुझ्या आकड्यांत, असं म्हणालीस.

आणि मला तुला हलवून सांगावंसं वाटत होतं की ताई, तू काय करून ठेवलंयस ते तुला कळतंय का? उद्या मालक म्हणणार, फेट्यावर काम भागतंय, पाळणाघर कशाला? सरांच्या अभ्यासाचं सोड, त्या पोरांचं पुढचं सगळं जेवण तू फेट्यात गुंडाळून टाकलंस. तू ऐकायला तयार नव्हतीस. माझा आवाज चढला, तुझा त्याहून चढला, हलगीवाला बिचारा दोन्ही काठ्या काखेत मारून बघत राहिला.

शेवटी मी आयांकडं वळले. म्हटलं, मला एवढंच सांगा, पोराला जास्तीचं काय घालता आणि ते येतं कुठून? विड्या आणि शेंगांवर एवढी वजनं चढत नाहीत. बायका एकमेकींकडं बघून लाजल्या. मग कमळा पुढं आली. जतकडची, ओठावर गोंदण, पदराला चिखल. तिच्या मुलीनं आदल्या महिन्यात फेटा मारला होता. ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, “त्यात काय हाय बाई. आमी सकाळची भाकरी सोडली. आमच्या वाटणीची पोरीला घालतो. तवा तर चढली.”

“आमी म्हणजे कोण?” तू विचारलंस.

“समद्याच की. आवं ताई, फेटा काय उगं मिळतोय व्हय?”

ती हसत होती. बाकीच्याही हसत होत्या. तुझ्या हातात अजून टाचण्या होत्या. तू कमळाला मोठ्या माणसांच्या काट्यावर उभी केलीस. झोळीत बसायला तयार नसलेली बारकी पोरं आईसकट तोलून मग नुसती आई तोलायची आपली पद्धत होती, त्यामुळं कमळाचं हंगामाच्या सुरुवातीचं वजन आपल्याला ठाऊक होतं. तेवढी ती आता उरली नव्हती. मग दुसरी, मग तिसरी. तू एकेकीला उतरवत होतीस. शेवटची उतरल्यावर तू विटांवर बसलीस. तुला गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि भांडण जिंकूनही मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्या दिवशी सातारा स्टँडवर आपण भजी मागवली आणि तू एकाला हात लावला नाहीस. मी म्हटलं, तुझं एकटीचं काही चुकलेलं नाही, त्या पोरांना न देण्याचं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तू म्हणालीस, ते बरोबर, पण बायका उपाशी राहून टाळ्या वाजवत होत्या आणि मी त्यांच्या पुढं उभी होते. गुलाबी फेटा तू घडी घालून पिशवीत कोंबला होतास. परत बांधायचा नाही म्हणालीस, आणि नाहीच बांधलास.

सरांना सगळं जसं घडलं तसं कळवलं. ते चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. अभ्यास छापण्याजोगा राहिला नव्हता. तरीही ठरल्याप्रमाणं सांगलीत मालकांची बैठक झाली. हळदीच्या पेठेमागच्या त्या हॉलमध्ये पंखा लावला की हळदीची पूड उडायची आणि सगळे शिंकायचे, म्हणून पंखे बंद, आणि घामानं सगळ्यांची डोकी तापलेली. मी तक्ते लावले, बोलायला उभी राहिले. माझी भीती खरी ठरली. एक मालक मिश्किलपणे म्हणाले की मॅडम, वरच्या भट्टीवर पाळणाघर नसतानाही पोरं वाढली की. आम्ही सगळ्यांना फेटे घेऊन देतो, कापडाचं दुकान घरचंच आहे. हॉलभर हशा. ज्यासाठी हंगामभर राबलो ते तिथंच संपत होतं.

तू उठशील असं मला वाटलं. उठले आबा. मांडीवर थाप मारूनच उठले. पुढच्या रांगेतल्या त्या मालकाला नावानं हाक मारून त्यांनी विचारलं, गड्या, तुझ्या तालमीतल्या पोरांना खुराक कोण देतंय? मालक म्हणाले, मीच देतो. दूध, बदाम, सगळं. आबा म्हणाले, “मग? पैलवान आपला म्हणायचा आणि खुराक त्याच्या आईनं उपाशी राहून पुरवायचा, ही कुठली तालीम?” आणि मग कमळाची गोष्ट सांगितली, त्यांच्या पद्धतीनं, पाल्हाळ लावून. कुणी हसलं नाही. शिंकलंसुद्धा नाही.

तू माझ्याबरोबर मिरजेला आलीस, तेव्हा एसटीत मला संशय आला की आबांना तूच पढवलंस, आणि मी तुला खोदून विचारलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस की आबांना भाषण करायची हौस आहे, मी फक्त दोन दिवस त्यांच्या ओसरीवर चहा प्यायला जात होते. माझे तक्ते कुणी बघितले नाहीत म्हणून मी फुगले होते. तू म्हणालीस, वाया नाही जाणार, घरी ने, कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला मोठे आहेत. तेव्हा तुझा गळा आवळावासा वाटला होता. आता ते आठवून एकटीच हसत बसते आणि आमच्या घरातल्यांना काळजी वाटते.

सगळ्यांनी पाळणाघरं काढली असं नाही. काहींनी शेड दिली, काहींनी नुसता शब्द दिला आणि विसरले. पण आबांच्या भट्टीवर पुढच्या हंगामात पाळणाघर सुरू झालं, मग हळूहळू आजूबाजूला. तुझी अट एकच होती. दुपारी पोराबरोबर आईनंही तिथंच जेवायचं, डबा घरी न्यायचा नाही, तुझ्या डोळ्यांदेखत. पहिले काही दिवस बायका पदराआड भाकरी लपवायच्या आणि तू पोलिसासारखी पदर झाडायला लावायचीस. सोशिक म्हणे.

आणि आपलं भांडण सुरू झालं ते मात्र थांबलं नाही. मी म्हणायचे, पुढच्या हंगामात नीट, चोख अभ्यास करू. एका बाजूला द्यायचं, दुसऱ्या बाजूला नाही, फेटाबिटा काही नाही. तू म्हणायचीस, उपाशी पोर तोलून परत यायचं काम मी आता मेले तरी करणार नाही. मी म्हणायचे, चोख पुरावा नसेल तर सरकार ऐकणार नाही आणि राज्यातल्या बाकीच्या भट्ट्यांवरची पोरं तशीच राहतील, त्यांचा विचार कर. तू म्हणायचीस, तू जे सिद्ध करायला निघालीस ते प्रत्येक आईला माहीत आहे. मी म्हणायचे, आईला माहीत आहे, पण मंजुरी आई देत नाही ना. मग तू विषय बदलायचीस. ईदला मिरजेला आलीस तेव्हा शीरखुर्म्याची दुसरी वाटी संपवताना तू अम्मीला समजावून सांगितलंस, तुमच्या लेकीचं शास्त्र म्हणजे काय, तर एका दिवाणखान्यात शीरखुर्मा वाढायचा, शेजारच्यात नुसता वास सोडायचा आणि मग दोन्हीकडच्यांची तोंडं बघायची. अम्मी त्यानंतर माझ्याकडं वर्षभर संशयानं बघत होती.

तू चुकत होतीस असं मला आजही वाटतं, ताई. गेलीस म्हणून मी मत बदलणार नाही, तुलाही ते आवडलं नसतं. तुलना केल्याशिवाय आपल्याला कळलंच नसतं की लेकरांच्या अंगावर चढलेलं वजन आयांच्या अंगावरून उतरलंय. पण हेही खरं, की तुझा तो गुलाबी घोळ झाला नसता तर आयांची वजनं ताडून बघायचं आपल्या कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. योजनेत त्या कुठं नव्हत्याच. हे मी तुला कधी स्पष्ट बोलून दाखवलं नाही. मनात होतं. म्हटलं असतं तर तू ते पुढची दहा वर्षं ऐकवलं असतंस, म्हणून राखून ठेवलं होतं. आता ऐकव ना. मी फोनजवळच बसलेय.

सरांनी नवीन अभ्यासाचं विचारलंय. वयात येणाऱ्या मुलींचा आहे, भट्टीवरच्याच. मी आखणी करायला बसले. दोन्हीकडं मुलींना जेवण द्यायचं, एकीकडं आयांनाही, आणि तुलना तेवढीच. वाटलं, ही आखणी ताईलाही मान्य होईल. आणि पेन खाली ठेवायच्या आत मला तुझा आवाज आला, का गं, आणि दुसऱ्या बाजूच्या आयांनी काय वास घ्यायचा? सगळं पान खोडलं. परत मांडतेय. अजून जमलेलं नाही, पण जमेल. तू नसताना तुझ्याशी भांडायला जास्त वेळ लागतो एवढंच.

गेल्या आठवड्यात तुझ्या जागी मी वरच्या भट्टीवर गेले. वजनाचा दिवस होता. लुनाचा आवाज आला नाही म्हणून बायका रस्त्याकडं बघत होत्या. ताई कुठं हायत, कमळानंच विचारलं. ती अजून दर हंगामाला येते, मुलगी आता शाळेत आहे. सांगितलं. कमळा चिखलातच बसली आणि मोठ्यानं रडली, मग सगळ्याच. आबा लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. त्यांनी थाप मारली नाही. थोड्या वेळानं कमळा उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, जेवाय चला, ताईंचा नेम हाय, आधी जेवाण. जेवलो. एकीनंही पदराआड काही ठेवलं नाही, मी बघत होते.

जेवणानंतर पोरांची वजनं झाली आणि मग मी आयांना काट्यावर बोलावलं. एकेक चढत गेली. कमळा चढली तेव्हा मला काट्यावरून तिला दोनदा उतरवून पुन्हा चढवावं लागलं, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जी बाई त्या हंगामात पोरीसाठी वाळली होती ती अंगानं भरली होती. तेव्हापासूनच्या हिशोबात भट्टीवरच्या सगळ्या बायकांत तिचं वजन सगळ्यात जास्त चढलं होतं. आणि ताई, मला काय झालं कुणास ठाऊक, मी आबांना म्हटलं, एक फेटा मिळेल का?

आबा गेले आणि घरातून स्वतःचा घेऊन आले, लाल, लग्नाकार्यातला. बाईला कशाला फेटा, असं गड्यांतून कुणीतरी पुटपुटलं. आबा म्हणाले, “जितलीया ती. गप ऱ्हावा.” मला फेटा बांधता येत नाही हे तुला माहीत आहे. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा कानावर आला, बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या, आणि टाचण्या तोंडात धरून मी रडत होते. कसाबसा बसला. आबांनी तिचा हात वर केला.

कामाची वेळ झाली होती. कमळा साच्यापाशी जाऊन बसली. मी म्हटलं, काढून ठेव, चिखल लागेल. तिनं कोपरानं फेटा नीट केला, कारण हात भरलेले होते, आणि म्हणाली, “राहू दे की बाई. पोटभर जेवल्याचा हाय. दिसू दे समद्यांस्नी.”